आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसावयाचे?

पावसाळ्याचा पहिला जोर ओसरतो न ओसरतो तोच शहरांतील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रीघ लागते. बाकावर बसलेल्या बाईच्या मांडीवर तापाने फणफणलेले मूल असते, खांद्याला कचेरीची पिशवी असते, एका हातात रक्ततपासणीचा कागद असतो आणि दुसऱ्या हातातील फोनवरून ती वरिष्ठांना अर्ध्या दिवसाची रजा मागत असते. डेंग्यूची शंका आहे, प्लेटलेट उद्या पुन्हा मोजाव्या लागतील, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे उद्याही रजा आली. मुलाचा ताप चार दिवसांनी उतरेल. पण त्या चार दिवसांत घर, नोकरी, धाकट्या मुलीची शाळा आणि सासूबाईंचे पथ्यपाणी कसे चालले, याची नोंद कोणत्याही दप्तरात होणार नाही.

डोंबिवलीस राहणाऱ्या व मुंबईत नोकरी करणाऱ्या अशा एखाद्या स्त्रीचा आठवडा कल्पनेने मांडून पाहावा. सोमवारी थोरल्याला ताप भरतो. मंगळवारी पहाटे सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडतात आणि खुब्याच्या हाडाची शंका निघते. बुधवारी शाळेतून निरोप येतो की, मधल्या सुट्टीत मुलगी जिन्यावरून पडली आहे, हनुवटीला टाके घालावे लागतील. त्याच दिवशी नेमका गॅस संपतो, मोलकरीण येत नाही आणि घाईगर्दीत दाराची किल्ली आत राहून दार लागते. नवरा फिरतीवर आहे. तो दर दोन तासांनी फोन करून 'आता कसे आहे' एवढे विचारतो. हा आठवडा कल्पित असला तरी अतिशयोक्त नाही. ज्या घरात दोन मुले, एक वृद्ध आणि एक नोकरदार आई आहे, त्या घराने असा आठवडा वर्षातून एकदा तरी पाहिलेला असतो.

अशा वेळी ते घर कोसळत का नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आईच्या चिकाटीमुळे, हे एक उत्तर झाले. पण एकटी चिकाटी एकाच वेळी तीन ठिकाणी हजर राहू शकत नाही. खरे उत्तर असे की, शेजारच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या काकू सासूबाईंपाशी बसतात. रोज एकाच लोकलने जाणारी मैत्रीण कचेरीतील काम अंगावर घेते. मुलीच्या वर्गमैत्रिणीची आई तिला शाळेतून उचलून थेट डॉक्टरांकडे नेते आणि टाके पडेपर्यंत तिचा हात धरून बसते. खालच्या मजल्यावरून दोन वेळचा डबा येतो आणि जास्तीची किल्ली समोरच्या घरात ठेवलेली असते. सरकारच्या आरोग्य खात्यापेक्षा आणि विमा कंपनीपेक्षा लवकर धावून येणारी ही व्यवस्था आहे. ती स्त्रियांनी आपसांत उभी केली आहे, आणि तिच्या जोरावर बाकीचा समाज निश्चिंत झोपतो आहे. ही निश्चिंती योग्य आहे काय, याचा विचार आता झाला पाहिजे.

घरातल्या आजारपणाचा भार कोणावर पडतो, हे आता अनुमानाने सांगण्याची गरज उरलेली नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे, १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपनात व शुश्रूषेत सहभागी होत्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटे जात, पुरुषाची ७४ मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट हे विनावेतन घरकाम याखेरीज; त्यात स्त्रीची २८९ मिनिटे आणि पुरुषाची ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ असे होते. म्हणजे पाच वर्षांत घरकाम करणाऱ्या स्त्रीची दहा मिनिटे वाचली. परंतु ती पुरुषाने उचलली असे म्हणावे, तर त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली आहेत. संसार दोघांचा असतो, असे मंगलाष्टकांनंतरच्या भाषणांत सांगितले जाते. घड्याळाची साक्ष वेगळी आहे.

शुश्रूषा हे कौशल्याचे आणि म्हणून मोबदल्याचे काम आहे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले आणि तेथील स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा परक्या माणसाची सेवा करणे हे पांढरपेशा घरातील स्त्रीला कमीपणाचे वाटत असे. ती समजूत मोडून काढण्यास मोठे धैर्य लागले. पुढे रुग्णालयातील परिचारिकेला शिक्षण मिळाले, वेतन मिळाले, पाळी संपल्यावर घरी जाण्याचा हक्क मिळाला. मात्र तीच शुश्रूषा घरात होते तेव्हा तिला पाळी नाही, वेतन नाही आणि बदलीवर येणारे माणूसही नाही. रुग्णालयात जे काम ठरते, ते उंबऱ्याच्या आत कर्तव्य ठरते. कर्तव्याला मोल नसते, असे आपण मोठ्या आदराने म्हणतो. आणि त्या आदरातच हिशेब मिटवून टाकतो.

हिशेब स्त्रिया आपसांत ठेवतात, तो मात्र मोठा काटेकोर असतो. शेजारणीकडून आलेले भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. आज तिने रस्सा पाठविला, उद्या आपण चार लाडू पाठवावयाचे. या रीतीमागे परस्पर साहाय्याचे एक अलिखित शास्त्र आहे. घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये आणि देणाऱ्याला उपकाराचा ताठा येऊ नये, अशी सोय त्यात केलेली आहे. गिरगाव-परळच्या चाळींत सामाईक गॅलरीने हे शास्त्र जोपासले. चाळी मागे पडल्या आणि बंद दारांच्या सदनिका आल्या, तेव्हा हे सारे संपले अशी खंत अनेकांनी व्यक्त केली. ती पुरती खरी ठरली नाही. उपनगरी गाडीचा महिलांचा डबा ही नव्या काळातील गॅलरीच होय. तेथे भाज्या निवडल्या जातात, हळदीकुंकू होते, डोहाळजेवणे होतात आणि कोणाच्या मुलाला कोणत्या डॉक्टरचा गुण आला, याचीही देवाणघेवाण होते. भिशीच्या नावाखाली जमणाऱ्या बायका एकमेकींचे दागिने पाहावयास जमतात, असा पुरुषांचा समज आहे. अडचणीच्या वेळी रुग्णालयाची अनामत रक्कम कित्येकदा त्या भिशीतून भरली गेलेली असते.

स्त्रियांच्या या एकोप्याला संघटित रूप आले, तेव्हा त्यातून संस्था उभ्या राहिल्या आहेत. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बांधकामावरील मजूर स्त्रियांची मुले विटा-वाळूच्या ढिगाऱ्यांत खेळत असताना त्यांना होणाऱ्या इजा पाहून मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि लवकरच ती मुंबईतही आली. हे उपक्रम ज्या गरजेतून निघाले ती गरज एकच होती : हातावर पोट असलेल्या आईला दोन्ही हात कामाला हवे असतात, आणि मूल तर कडेवर असते.

मैत्रीची ही व्यवस्था कितीही हृद्य असली, तरी तिच्या मर्यादा डोळ्यांआड करून चालणार नाही. पहिली मर्यादा अशी की, मदतीला धावणारी मैत्रीणही कोणाची तरी आईच असते. तिच्याही रजा मोजक्याच असतात, तिच्याही घरी कोणी तरी अंथरुणावर असते. एकीची ओढाताण दुसरीने वाटून घेतली, म्हणून एकंदर ओढाताण कमी होत नाही. दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. ज्या स्त्रीला शेजार मुरलेला असतो, जिची नोकरी कायम असते, जिची मैत्रीण शिकलेली असते, तिलाच ही व्यवस्था उपयोगी पडते. परमुलखात नव्याने आलेल्या मजूर बाईला समोरच्या दाराची किल्ली कोण ठेवून घेणार?

याचे जळजळीत उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे जाणारी ऊसतोड मजुरांची टोळी नवरा-बायकोच्या जोडीवर मोजली जाते; त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. कोयत्यातील एक हात आजारी पडला की खाडा होतो आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबातून कापला जातो. तेथे मुलाचा ताप, स्वतःची पाळी किंवा पोटातील दुखणे यांस सुट्टी नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. दुखण्याला सवड नसली, की दुखणारा अवयवच काढून टाकण्याची पाळी माणसावर येते, असा त्या प्रकरणाचा अर्थ होता. डोंबिवलीच्या बाईची अर्धी रजा आणि बीडच्या बाईचा खाडा यांत अंतर पुष्कळ आहे. परंतु घरात कोणी आजारी पडले की त्याची किंमत आईने चुकवावयाची, हा दोहोंमागील नियम एकच आहे.

या नियमाला कायद्याने व सरकारी परिपत्रकांनीही नकळत हातभार लावला आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची रजा दिली. ही पावले स्वागतार्ह होती, यात शंका नाही. पण महाराष्ट्राच्या त्या निर्णयात पुरुषाला ही रजा केव्हा मिळावी? त्याची पत्नी हयात नसेल तर, किंवा ती असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे धडधाकट आई घरात असेपर्यंत बापाने मुलाच्या उशाशी बसण्याचे कारणच नाही, असे सरकारने गृहीत धरले. बापाचे बापपण सरकारदरबारी मान्य व्हावयाचे, तर आईने आधी जग तरी सोडले पाहिजे किंवा खाट तरी धरली पाहिजे.

न्यायालयांचा अनुभवही फार निराळा नाही. जमशेदपूर येथे १९८९ मध्ये समारंभाच्या मंडपाला लागलेल्या आगीत अनेकांचा बळी गेला. त्या भरपाईच्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचे मूल्य महिना ३,००० रुपये धरले. २०२१ च्या जानेवारीत कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात त्याच न्यायालयाने २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेऊन गृहिणीच्या श्रमांचे आर्थिक मूल्य मानण्याची आवश्यकता अधिक स्पष्ट शब्दांत सांगितली. दोन्ही निर्णय न्याय्य होते. पण दोन्हींत मूल्यमापनाचा प्रसंग आला तो ती स्त्री मरण पावल्यावर. जिवंतपणी जिच्या कामाची किंमत शून्य, तिच्या मृत्यूनंतर तिचे उत्पन्न मोजण्यासाठी वकील लागतात, हा विरोधाभास समाजाच्या अंगवळणी पडला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आईची माया पैशाने मोजू लागलात तर घराचा बाजार होईल, असा तो आक्षेप आहे. तो घेणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात. फक्त त्यांना रात्री दोन वाजता कपाळावरच्या पट्ट्या बदलण्याचा प्रसंग क्वचित येतो. माया मोजावी, असे कोणीच म्हणत नाही. मायेपायी गेलेला रोज, बुडालेली बढती, संपलेली रजा आणि दुर्लक्षिलेले स्वतःचे दुखणे या गोष्टी मात्र मोजता येतात आणि मोजल्या पाहिजेत. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. स्त्रियांना रजा वाढवून दिल्या तर मालक त्यांना कामावरच घेणार नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच आजारी मुलासाठी किंवा वृद्ध आईवडिलांसाठी मिळणारी रजा स्त्रीपुरुष दोघांनाही सारखी असली पाहिजे आणि तिचा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारता कामा नये.

त्यासाठी नवे यंत्र उभारण्याचीही गरज नाही. १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली. कामगार स्वतः आजारी पडला तर त्याच्या बुडालेल्या वेतनाचा काही भाग तेथील निधीतून मिळतो. मूल आजारी पडल्यामुळे बुडालेल्या रोजाला तोच न्याय का लावू नये? स्वीडनने १९७४ मध्ये मातृत्वाची रजा बदलून ती आईबाप दोघांची केली. आजारी मुलासाठी घरी राहणाऱ्या आईला अथवा बापाला तेथे मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत सामाजिक विम्यातून भत्ता मिळू शकतो. स्वीडनची श्रीमंती आपल्याकडे नाही, हे मान्य. १२० दिवस जमणार नाहीत, तर दहा दिवसांपासून प्रारंभ करता येईल. तत्त्व मान्य होणे महत्त्वाचे.

परदेशाकडे पाहावयाचे नसेल तर केरळकडे पाहावे. मलप्पुरम जिल्ह्यात १९९९ पासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे एक शुश्रूषा-जाळे उभे राहिले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी आठवड्यातून निदान दोन तास देणारे स्वयंसेवक, त्यांना आवश्यक ते प्रशिक्षण, आणि त्यांच्या मागे डॉक्टर व परिचारिका, अशी ही रचना होती. २००८ मध्ये केरळ सरकारने आपले परिहारक सेवेचे धोरण आखले आणि त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांना स्थान दिले. शेजारधर्म आणि शासन यांची सांगड घालता येते, याचा हा पुरावा आहे. तेथे शासनाने शेजाऱ्यांवर काम ढकलून आपले अंग काढून घेतले नाही. शेजाऱ्यांच्या मागे आपली यंत्रणा उभी केली. ज्या महाराष्ट्रात महिला मंडळे, बचत गट आणि गणेशोत्सव मंडळे यांचे जाळे गल्लोगल्ली आहे, त्याला हे अशक्य का वाटावे?

कित्येक सुधारणा तर पैशाच्याही नाहीत. सरकारी रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग मुख्यतः सकाळी चालतात. कामावर जाणाऱ्या आईचा रोज बुडाल्याखेरीज तेथे मूल दाखविता येत नाही. मुंबईत २०२२ पासून निघालेले 'आपला दवाखाना' संध्याकाळीही उघडे राहू लागले, ही चांगली सुरुवात झाली. ती गावोगावी पोहोचली पाहिजे. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर असावे, असे २०१७ च्या दुरुस्तीने ठरले. त्याची तपासणी कारखान्याच्या धुराड्याइतक्याच कसोशीने व्हावी. रोजगार हमीच्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. खडी फोडण्याइतकेच मूल सांभाळणे हेही काम आहे, हे तत्त्व रानातल्या कामासाठी लिहिता आले, तर शहरातल्या कचेरीसाठी लिहिण्यास कोणती अडचण आहे?

मात्र सरकारने सर्व काही केले तरी घरातल्या पुरुषाने उठून दुधाखालचा गॅस बंद करण्याचा हुकूम कोणत्याही राजपत्रात निघू शकत नाही. मूल शाळेत पडले तर पहिला फोन आईला जातो, मग ती कितीही दूर असो आणि बाप कितीही जवळ असो. डॉक्टर औषधाच्या वेळा आईला समजावून सांगतात. सासूबाईंच्या गोळ्यांचा रंग सुनेला पाठ असतो, मुलाला नसतो. या सवयी बदलण्यास निधी लागत नाही, लाज लागते. घरातील आजारपणाची माहिती ही एकाच माणसाच्या डोक्यात असू नये, एवढे जरी प्रत्येक घराने ठरविले तरी पुष्कळ साधेल.

या सर्व धावपळीत एका रुग्णाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. म्हणजे ज्या बाईने मुलाच्या प्लेटलेट मोजून आणल्या, तिचे स्वतःचे हिमोग्लोबिन तपासले तर निम्म्याहून अधिक वेळा ते कमीच निघावयाचे. ती मात्र 'मला काय होतंय' म्हणून उठते आणि कामाला लागते. तिच्या या उद्गाराचे कौतुक करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ते कौतुक थांबवून तिला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन जाणारा माणूस घरात निर्माण झाला पाहिजे. आज ते काम मैत्रीण करते. तीच तिला ओढत नेते आणि तीच लोहाच्या गोळ्या घेतल्या की नाही हे विचारते. मैत्रिणीचा हा मोठेपणा आहे. घराचा आणि सरकारचा नव्हे.